विहिरीच्या थारोळ्यात सापडलेलं पीस

परभणी,
पौष महिना

चि. लेकरास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि चारही फोटो मिळाले. येळवशीला (वेळ अमावास्येला) शेतात आंबील-भज्जी झाल्यावर घरची सगळी माणसं कोपीच्या सावलीत आडवी झाली आणि तू एकटी जुन्या विहिरीकडे गेलीस, हे वाचूनच मला बरं वाटलं. मोट बंद होऊन किती वर्षं झाली असतील, पण मोटेचं पाणी जिथे पडायचं त्या थारोळ्यात अजून काहीतरी सापडतं बघ.

पिसाशेजारी तू हाताची वीत ठेवून फोटो काढलास. सुचलं हे फार चांगलं झालं. पण वीत प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून पुढच्या वेळी कंपासपेटीतली पट्टी ठेव. आणि पीस दोन्ही बाजूंनी टिप, वरून आणि खालून. तू फक्त वरची बाजू पाठवलीस. सोनेरी झाक, तिच्यावर करड्या रंगाचे आडवे पट्टे, आणि टोकाकडे भुरभुरीत राखाडी नक्षी. माझ्या अंदाजाने हे गव्हाणी घुबडाच्या पंखातलं लांब पीस असावं. ‘असावं’ असं मी मुद्दाम लिहितोय. पत्राच्या शेवटापर्यंत ते का, हे तुला कळेल.

आजी म्हणाली की घुबडाचं पीस घरात आणू नको, आणि तुला राग आला. रागावू नकोस. आजीचं कारण वेगळं असेल, पण तिचं सांगणं कायद्याला धरून आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडची सगळी घुबडं संरक्षित आहेत, आणि संरक्षित पक्ष्याचं पीस परवानगीशिवाय जवळ ठेवता येत नाही, मग ते आपोआप गळून पडलेलं का असेना. म्हणून पाहा, मोजून घे, फोटो काढ आणि जिथलं तिथे परत ठेव. वहीत चिकटवू नकोस, वर्गात वाटू नकोस. आजीला एवढंच विचार की तिच्या लहानपणी पहाटे कंदील घेऊन दारात पिंगळा यायचा का. झाडावरच्या पिंगळ्याची भाषा आपल्याला कळते असं सांगून तो घराचं भविष्य बोलायचा आणि सुपातलं धान्य घेऊन जायचा. ज्या पाखराच्या नावाने माणसाला भिक्षा मिळायची, ते पाखरू अपशकुनी कधी झालं, हे आजीशीच बोलून बघ. माझ्यापेक्षा तिला जास्त माहीत असेल.

आता पीस परत ठेवण्याआधी त्याच्याकडे नीट बघ.

मधला दांडा एका बाजूला सरकलेला दिसेल. त्यामुळे एक पाती अरुंद, एक रुंद. पक्षी उडताना अरुंद पाती वाऱ्याच्या तोंडाशी असते. त्या अरुंद कडेवरून नख अगदी हलक्या हाताने बुडाकडून टोकाकडे फिरव. नखाला बारीक बारीक दात लागतील, लाकडी फणीवरून बोट फिरवल्यासारखे. पातीचे तंतू कडेला येऊन सुटे झालेत आणि थोडे वर वळलेत, त्यांचे ते दात. आता पीस उलट फिरव आणि रुंद पातीची मागची कड बघ. ती कापल्यासारखी सरळ नाही. तिथे तंतू एकमेकांत न अडकता मोकळे सुटलेत, साडीच्या पदराला असतात तशा दशा. तिसरी गोष्ट डोळ्याला दिसत नाही, बोटालाच कळते. पिसाच्या वरच्या अंगावरून अंगठा फिरव. मखमलीवर फिरवल्यासारखं वाटेल, कारण तिथे बारीक लव उभी आहे.

या तीन गोष्टी, म्हणजे पुढचे दात, मागच्या दशा आणि वरची लव, रॉबर्ट ग्रॅहॅम नावाच्या माणसाने १९३४ मध्ये विमानविद्येच्या नियतकालिकात लिहून ठेवल्या. विमानाचा आवाज कमी कसा करायचा याचा शोध घेताना त्याने घुबडाकडे पाहिलं होतं. वारा पंखावर आदळतो तिथे दात त्याचे बारीक तुकडे करतात. पंखाच्या वरून आणि खालून आलेला वारा मागे एकत्र येताना जी फडफड उठते, ती दशा मोडून टाकतात. आणि एका पिसावर दुसरं सरकताना होणारी खसखस लव पिऊन टाकते. उरतो तो जाड, खालच्या पट्टीतला आवाज. साधारण २ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. उंदराचा कान नेमका या वरच्या पट्टीत तिखट असतो. शिवाय घुबडाला स्वतःच्या पंखाचा आवाज आडवा येत नाही, म्हणून उडत असतानाही कडब्याखालची हालचाल त्याला ऐकू येत राहते.

घरी एक प्रयोग कर. अंगणात पारव्याचं पीस सापडेलच. ते कानाजवळून झपकन फिरव, मग तेवढ्याच जोराने हे फिरव. मला जे दोन पानांत नीट सांगता येणार नाही ते तुझ्या कानाला एका क्षणात कळेल.

नखाला दात लागले नाहीत तर निराश होऊ नकोस. ते मुख्यतः पंखाच्या सगळ्यात बाहेरच्या पिसावर असतात. आतल्या पिसांना त्यांची गरजच नाही, कारण वारा पहिल्यांदा त्यांच्यावर आदळत नाही. उलट, पीस मऊ आहे एवढ्यावरून ते घुबडाचंच, असंही धरू नकोस. रातव्याचं पीसही मऊ असतं आणि त्याच्यावरही तपकिरी नक्षी असते.

हे सगळं मी पुस्तकात फार उशिरा वाचलं. कालव्यावर मात्र आधी पाहिलं होतं. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर मी कालवा निरीक्षक होतो, हे तुला माहीत आहे. नाथसागरापासून २०८ किलोमीटरचा तो कालवा जालन्यातून आपल्या परभणीपर्यंत येतो. रब्बीची पाळी सुटली की रात्री गस्त घालावी लागायची. चारीची दारं कुणी उचलली का, मोरीत काही अडकलं का, हे बॅटरीच्या उजेडात बघत जायचं. अशाच एका थंडीच्या रात्री भरावावरून चालताना माझ्या डोक्यावरून, हात वर केला असता तर लागलं असतं इतक्या खालून, एक पांढरं काहीतरी पुढे निघून गेलं. आवाज नाही, वाऱ्याचा झोतही नाही. मी जागीच थांबलो. ते पुढे जाऊन ज्वारीवर क्षणभर तरंगलं, पाय खाली सोडले आणि धाटांत बुडालं. वर आलं तेव्हा पायात उंदीर होता. त्या पाच-सात सेकंदांत मला ऐकू आला तो फक्त कालव्याच्या पाण्याचा आवाज.

त्यानंतर काही वर्षांनी पूर्णेच्या काठी एका मोठ्या आंब्यावरून हुमा घुबड उडालं, तेव्हा सूप झटकल्यासारखा आवाज झाला. मला वाटलं, पक्षी आजारी आहे. तसं नव्हतं. हुमा मासे आणि खेकडे धरतो, आणि पाण्यातल्या माशाला वरच्या पंखाचा आवाज कुठला ऐकू यायला? म्हणून त्याच्या पिसांना ना ते दात, ना तशी लव. त्याचे पायही उघडे असतात, आणि शृंगी घुबडाचे मात्र बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले. कोण काय खातं हे पिसावर लिहिलेलं असतं, आपल्याला वाचता यायला हवं. या मऊपणाची किंमतही घुबडाला मोजावी लागते. पिसं पाणी नीट झटकत नाहीत, त्यामुळे श्रावणात दोन-दोन दिवस झड लागली की गव्हाणी घुबडाला शिकारीला निघणं अवघड होतं आणि ते उपाशी राहतं.

आता हुम्याचीच दुसरी गोष्ट सांगतो. ती माझ्या चुकीची आहे.

मी पक्षीगणनेला जायला लागलो तेव्हा पहिल्या वर्षी मला एका नाल्याचा पट्टा दिला होता. सकाळभर फिरलो आणि करंजाच्या झाडाखाली एक मोठं पीस सापडलं. शेजारच्या शेतातल्या आखाड्यावरच्या सालगड्याने सांगितलं की इथे रोज रात्री मोठं घुबड बसतं. मी यादीत लिहिलं, ‘हुमा घुबड, १’. संध्याकाळी याद्या जमा करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी विचारलं, “पाहिलंस?” मी पीस दाखवलं. ते म्हणाले, “ऐकलंस?” मी सालगड्याचं सांगितलं. त्यांनी माझ्याच पेनने ती ओळ माझ्याकडून खोडून घेतली. एवढी मोठी नोंद गेली म्हणून मला रात्रभर वाईट वाटलं. सालगडी खरंच बोलत होता आणि पीसही खरं होतं, पण त्या दिवशी त्या वेळेत मी घुबड पाहिलं नव्हतं आणि ऐकलंही नव्हतं. पीस वाऱ्याने येतं, ओढ्याच्या पाण्याबरोबर येतं, कोल्ह्याच्या तोंडातूनही येतं. गणना जिवंत पक्ष्याची असते.

म्हणून तू पत्रात जे विचारलंस, ‘हे पीस मी फेब्रुवारीच्या गणनेत लिहू का?’, त्याचं उत्तर नाही असं आहे. तुझ्या वहीत लिही, तारीख, जागा, मोजमाप सगळं लिही. गणनेच्या यादीत नको.

हा नियम तुला कोरडा वाटेल. तर आपल्या शेजारच्या खानदेशात काय झालं ते ऐक. रानात राहणारा एक छोटा पिंगळा आहे, त्याला वनपिंगळा म्हणतात. १८७३ मध्ये पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या ह्यूम साहेबाने त्याचं वर्णन केलं आणि १८८४ नंतर तो कुणाला खात्रीने दिसलाच नाही. फक्त एक नोंद मधे होती. माइनर्ट्‌झहागेन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ एक मिळवला असं त्याच्या नमुन्यावरच्या चिठ्ठीवर होतं. मग लोक त्या दिशेला शोधत राहिले आणि पक्षी काही मिळेना. पुढे पामेला रासमुसेन या पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयातले नमुने तपासले. कातडं कसं भरलंय, कसं शिवलंय याच्या खुणांवरून त्यांच्या लक्षात आलं की हा नमुना त्याने मिळवलेलाच नाही. तो १८८० च्या दशकात डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने खानदेशात मिळवलेला, संग्रहालयातून चोरलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला नमुना होता. खोटी नोंद बाजूला केल्यावर खऱ्या जुन्या जागा उरल्या. रासमुसेन दोन सहकाऱ्यांबरोबर त्या जागांवर गेल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ भर सकाळी वनपिंगळा झाडावर बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी. एका माणसाच्या एका खोट्या ओळीने किती जणांचे किती पाय चुकीच्या रानात झिजवले, हे मनात आलं की मला अजून अस्वस्थ व्हायला होतं. माझी ‘हुमा, १’ ही ओळ लबाडीची नव्हती, पण यादी वाचणाऱ्याला ते कसं कळणार होतं?

आता गणनेचं. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो. अमेरिकेत तो १९९८ मध्ये सुरू झाला, आणि २०१३ पासून आपल्या देशातले लोकही त्यात भाग घेतात. फी नाही, वयाची अट नाही. नोंदी ई-बर्ड नावाच्या संकेतस्थळावर जातात. त्याचं ॲप मोबाइलवर घेता येईल, वडिलांच्या फोनवर चालेल. कमीत कमी १५ मिनिटं एका जागी थांबायचं किंवा एका वाटेने चालायचं, आणि जो पक्षी ओळखता आला तो आकड्यासह लिहायचा. निघाल्याची वेळ, लागलेला वेळ आणि चाललेलं अंतर नीट भर. शेवटी एक प्रश्न येतो, की ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का. तिथे विचार करून उत्तर दे. साळुंकी, होला, कोतवाल, वेडा राघू हे रोजचेच म्हणून सोडून दिलेस आणि फक्त पिंगळा लिहिलास, तर ‘नाही’ म्हण. सगळे लिहिलेस तरच ‘हो’. कारण या ‘हो’मुळेच यादीत जे नाही त्यालाही अर्थ येतो. तुझ्या शेतात पाच वर्षं टिटवी असते आणि सहाव्या वर्षी तुझ्या पूर्ण यादीत ती नसते, तेव्हा ती खरंच नव्हती असं कुणीतरी दूर बसून म्हणू शकतो.

घुबडासाठी पहाट हीच वेळ. तांबडं फुटायच्या अर्धा तास आधी कोपीपाशी बस आणि ती यादी वेगळी ठेव. उजाडल्यावर नवी यादी सुरू कर. अंधारात बहुतेक वेळा कानच कामाला येतील. पिंगळ्याचा किर्र-किर्र चिरचिराट तुला येतोच, तो सगळ्या गावाला येतो. गव्हाणीचा आवाज लांब, खरखरीत चिरका, अंगावर काटा आणणारा. शृंगी घुबडाचा घुमारा खोल, दोन सुरांचा, ओढ्याच्या दरडीतून येणारा. कुठला आवाज हे कळलं नाही तर मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ठेव आणि मला पाठव. आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू मात्र नकोस. हे माझं ठाम सांगणं आहे. नराला वाटतं हद्दीत दुसरा शिरला, तो शिकार सोडून धावत येतो, आणि थंडीत घुबडांचा विणीचा काळ असतो. ढोलीत बॅटरीचा झोत मारणंही तसंच.

पिंगळे मोजताना एक अडचण येईल. कडुनिंबाच्या ढोलीत एक दिसतो, दहा मिनिटांनी विजेच्या तारेवर एक दिसतो. दोन लिहायचे? एकाच वेळी दोन दिसले तर दोन. नाहीतर एक. कमी लिहिलेलं चालतं.

कधी वाटेल की एका पोरीच्या पंधरा मिनिटांनी काय होणार. २०२३ मध्ये देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल आला. ९४२ जातींचा विचार त्यात आहे, आणि तो उभा आहे तीस हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटींहून जास्त नोंदींवर. त्यातले बहुतेक तुझ्यामाझ्यासारखे, नोकरी-शेती-शाळा सांभाळून वही धरणारे. पुण्या-मुंबईकडून नोंदींचा पूर येतो. आपल्याकडे नाथसागराचा काठ सोडला तर गावंच्या गावं कोरी आहेत. तुमच्या शिवारातली तुझी यादी कदाचित त्या शिवाराची पहिलीच असेल. म्हणून एकदाच लांब जाऊन पन्नास जाती मोजण्यापेक्षा त्याच विहिरीपाशी दर महिन्याला एकदा पंधरा मिनिटं बस. नोव्हेंबरात ५ ते १२ तारखेला राज्यात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या वाढदिवसांच्या मधला. तेव्हा शाळेतल्या मैत्रिणींनाही घेऊन बस.

विहिरीच्या कोनाड्यात घुबडाची जोडी असेल, असं मला फार वाटतं. थारोळ्यात काळपट, अंगठ्याएवढे गोळे पडलेत असं तू लिहिलंस, ते घुबडाने ओकलेले. न पचलेले केस आणि हाडं त्यात असतात. उघड्या हाताने उचलू नकोस. हातमोजे घालून एक-दोन गोळे कोमट पाण्यात भिजव आणि काडीने मोकळे कर. उंदराच्या कवट्या, जबड्यात पिवळे दात, कधी चिचुंद्रीचं लांबट तोंड असं सगळं निघेल. ते वडिलांना दाखव. कडब्याच्या गंजीला उंदीर लागलेत म्हणून ते ब्रोमाडिओलोन आणणार आहेत असं तू लिहिलंस. ते औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्त फिरतो, आणि सुस्त उंदीर घुबडाला सगळ्यात आधी सापडतो. मग ते विष कोनाड्यातल्या पिल्लांपर्यंत जातं. मी तुझ्या वडिलांना फोन करीनच, पण त्या कवट्या त्यांनी आधी पाहिलेल्या असल्या तर माझं काम सोपं होईल.

आणि एक. ही जागा कुणाला सांगू नकोस, घरट्याचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नकोस. दिवाळीच्या सुमाराला जादूटोण्यासाठी घुबडं धरणारी आणि विकणारी माणसं फिरतात. लक्ष्मीचं वाहन म्हणून पूजायचं आणि त्याच लक्ष्मीच्या नावाने त्याचा जीव घ्यायचा, हे मला कधीच समजलं नाही. संशयाचा माणूस शिवारात दिसला तर वडिलांना सांग, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर ते कळवू शकतात.

रविवारी पीस परत ठेवायला जाशील तेव्हा पट्टी घेऊन जा. दांड्याच्या बुडापासून टोकापर्यंत लांबी, सगळ्यात रुंद जागी रुंदी, आणि पट्टे किती आहेत ते मोज. अरुंद कडेला दात लागले की नाही, ते स्वतःच्या नखाने बघून मला लिही. मग मी माझं ‘असावं’ बदलायचं की नाही ते ठरवीन. मी फेब्रुवारीत गणनेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तुमच्या शिवारात येतो. थर्मासमध्ये चहा माझ्याकडे, हुरडा तुमच्याकडे. तोवर विहिरीकडे रोज रोज जाऊ नकोस.

तुझा,
कालव्यावरचा काका